अंकुशच्या डब्यातली अळी

“सर, गुरुजींनी वही दिलीया. सही करायचीया.”

मनाली झोरे सूचना वही घेऊन वर्गाच्या दारात उभी होती. तिच्यामागे सहा पावलांवर, ऑफिसच्या दारात, सपाटे गुरुजी माझ्याकडे पाठ करून उभे होते. मी वही उघडली.

‘सर्व शिक्षकांना कळविण्यात येते की, परसबागेतील कढीपत्त्याच्या झाडावर अळ्या आढळल्या असून त्या कोणाच्या तरी आशीर्वादाने वाढत आहेत. सदर अळ्या तीन दिवसांत हटवाव्यात, अन्यथा फवारणी करण्यात येईल. – मुख्याध्यापक.’

वरची घेवडीच्या शाळेत शिक्षक दोन. एक मुख्याध्यापक सपाटे गुरुजी. उरलेले सर्व शिक्षक म्हणजे मी.

मी सही केली आणि खाली लिहिलं, ‘सूचना अळ्यांना वाचून दाखवली. त्यांनी खाणे थांबवलेले नाही.’

मनाली सहा पावलं चालून वही देऊन आली. गुरुजींनी वाचलं. मग ते तिच्याशी, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, “त्यांना सांग, ह्या झाडाला मी बारा वर्षं पाणी घातलंय. तवा ते शाळेत चड्डी सांभाळत होते.”

मनाली माझ्याकडे वळली. “सर, गुरुजी म्हणत्यात–”

“ऐकलं मी.”

“मग सांगू नको?”

“सांग.”

तिनं सांगितलं. चड्डीसकट. मनालीला एखादं काम दिलं की ती ते अर्धं सोडत नसे. चौथीत होती, वर्गाची मॉनिटर होती, आणि तिचं अक्षर आम्हा दोघा शिक्षकांपेक्षा चांगलं होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि पाटण तालुक्यातल्या त्या वाडीत मला दोन महिने झाले होते. त्यातले पावणेदोन महिने गुरुजी आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण हजेरी.

पटावर मुलं अकरा. त्यातली तीन शेडगे भावंडं. अंकुश चौथीत, पूजा तिसरीत, ओंकार पहिलीत. जुलैमध्ये बैलांचा बेंदूर झाला आणि त्यांचा बाप बायकापोरांसह कराडजवळ कुणाच्या तरी पोल्ट्रीवर राखणीला गेला. उरली आठ. आणि त्या वर्षी तालुक्यात अशी हवा होती की, दहाच्या आत पट गेला की शाळा खालच्या घेवडीला जोडणार. खालची घेवडी पाच किलोमीटर. मध्ये दोन ओढे. एका ओढ्यावर साकव, आणि साकवाला कठडा एकाच बाजूला.

गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात मला समजावलं होतं. “दाखला न्हेला नाही तोवर पोर आपलं. तिघांपुढं रोज हजर लिहायचं.”

“पण ती नाहीत ना इथं.”

“येतील.”

“आली की लिहीन.”

“ताटे, शाळा तुमच्या तत्त्वावर चालत नाही. पटावर चालते.”

“खोटी हजेरी मी लावणार नाही,” मी म्हणालो. चोविसाव्या वर्षी माणसाला हे वाक्य म्हणताना छाती फुगल्यासारखी वाटते. गुरुजींनी त्याच दिवशी हजेरीपत्रक माझ्या वर्गातून उचललं, ऑफिसच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी करदोट्याला बांधली. मी तालुक्याला गेलो की चारचौघांत गुरुजींच्या हजेरीवर विनोद करायचो. गुरुजी केंद्रावर गेले की माझ्या दाढीवर बोलायचे. आमचं पटत नाही, ही बातमी आमच्या शाळेपेक्षा जास्त ठिकाणी पोचली होती.

तर अळ्या. लिंबाच्या जातीच्या झाडांवर जी काळी फुलपाखरं होतात, त्यांच्या. लहान असताना त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणजे कोण कशाला खाईल. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचलं की डोक्यातनं दोन लाल शिंगं बाहेर काढतात आणि कुजक्या लिंबासारखा वास सोडतात. पुस्तकात या सगळ्याचं एक गोल चित्र होतं, चार बाण होते, आणि मुलांनी ते बाणांसकट पाठ केलं होतं.

फवारणीची धमकी आली तशी मी कराडहून मित्राच्या दुकानातले फरसाणाचे पारदर्शक डबे आणले. झाकणाला भोकं पाडली. झाडावरनं अकरा अळ्या उतरवल्या. माझ्या वर्गात पहिली ते चौथी सगळेच बसत, कारण गुरुजी ऑफिसात माहिती भरत असत. सरकारला अकरा मुलांची माहिती रोज नव्या नमुन्यात लागायची.

“एकेकाला एक डबा,” मी म्हणालो. “रोज ताजा पाला घालायचा, लेंड्या काढायच्या, बघायचं आणि लिहायचं.”

“डबे अकरा हैत, सर,” मनाली म्हणाली. “आपण आठ.”

इथं मला विनोद सुचला. नसता सुचला तर ही गोष्ट नव्हती.

“असं कसं?” मी ऑफिसकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो. “हजेरीवर अकरा मुलं रोज हजर आहेत. गुरुजी खोटं लिहितील का? अंकुशला एक डबा, पूजाला एक, ओंकारला एक!”

मुलं हसली. ऑफिसात कपाटाचं दार आपटलं. मी खूश झालो.

निरीक्षणांसाठी वही हवी होती. वर्गातल्या कपाटावर एक जुनं, कोरं छापील हजेरीपत्रक पडलं होतं, ते मी मनालीला दिलं. तिनं छापील रकाने बघितले आणि विचारलं, “विद्यार्थ्याचं नाव म्हणून काय लिहू?”

“अळीचं नाव.”

“आणि बापाचं?”

“झाड लिही की. तेच खायला घालतंय.”

“आडनाव?”

“ज्याचा डबा त्याचं.”

अशा रीतीनं राजवीर कढीपत्ता झोरे, मुक्ता कढीपत्ता कोकरे, पैलवान कढीपत्ता शेडगे वगैरे अकरा जण वरची घेवडीच्या शाळेत दाखल झाले. पैलवान अंकुशच्या डब्यातला.

“आणि एक नियम,” मी फळ्यावर लिहिलं. दिसलं ते लिहायचं. नाही दिसलं ते नाही लिहायचं. हा नियमही मी ऑफिसला ऐकू जाईल असाच वाचला.

पुढे पंचवीस दिवस मुलांनी पुस्तक उघडलं नाही. राजवीरला मुंग्यांनी खाल्लं तेव्हा मनालीचा धाकटा भाऊ भैरू दिवसभर रडला, आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या कुठून आल्या ते शोधायला डब्यामागे पालथा झोपला. अळीनं कात टाकली आणि टाकलेली कात स्वतःच खाल्ली, हे बघून स्वयंपाक करणाऱ्या तानामावशी म्हणाल्या, “आमच्या नवऱ्याला दाखवा की हे. ताटात उरलेलं टाकतंय मेलं.” गुरुजींनी दोन सूचना काढल्या. एकीत डब्यांना ‘अनधिकृत साहित्य’ म्हटलं होतं. दुसरीत कढीपत्ता तोडण्याआधी मुख्याध्यापकांची पूर्वपरवानगी घ्यावी असं होतं. मी रोज सकाळी अर्ज करायचो: ‘अकरा अर्भकांच्या पोषणासाठी बावीस डहाळ्या मिळाव्यात.’ गुरुजी ‘नामंजूर’ लिहायचे. मनाली तोडून आणायची.

सव्विसाव्या दिवशी अकरा वाजता विस्तार अधिकारी नलवडे साहेब न सांगता आले.

जीप खालीच राहिली होती, कारण रस्ताही खालीच राहिला होता. साहेब घामानं निथळत वर्गात शिरले आणि पाणी प्यायच्या आधी विचारलं, “पट किती?”

“अकरा,” गुरुजी म्हणाले.

साहेबांनी बोटानं डोकी मोजली. “ही आठ.”

“तिघं भावंडं आजारी आहेत. घरात तापाची साथ.”

“अशी साथ मला ह्या महिन्यात चौथ्या शाळेत भेटतीय,” साहेब म्हणाले. “पट राखायची वेळ आली की पोरं आजारी पडतात. गुरुजी, मी इथं डोंगर चढून खुळा बनायला आलो नाही. हजेरी दाखवा.”

गुरुजी करदोट्याची किल्ली सोडवायला लागले. ती पटकन सुटेना. तोवर साहेबांना माझ्या टेबलावर एक हजेरीपत्रक दिसलं. त्यांनी ते उचललं.

“हे काय? दुसरी हजेरी? वा!” त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. “खरी कपाटात आणि खोटी टेबलावर, का उलटं? हा कोण… राजवीर कढीपत्ता झोरे?”

मनाली उभी राहिली. “तो मेला, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढला. “काय?”

“दुसऱ्या आठवड्यात. मंगळवारी. मुंग्यांनी खाल्ला. डोकं तेवढं राहिलेलं.”

“गुरुजी!”

किल्ली सुटली तसे गुरुजी ऑफिसात गेले होते; ते हजेरीपत्रक घेऊन दारात आले.

“आणि ही… मुक्ता कढीपत्ता कोकरे?”

“ती झोपलीय.”

“शाळेच्या वेळात?”

“पाच दिस झाले.”

“आणि कोणी उठवलं नाही तिला?”

“उठवायचं नसतंय. हात लावला की मरतंय म्हणून सरांनी सांगितलंय.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग वहीत. “पैलवान कढीपत्ता शेडगे?”

“त्यानं कमरेला दोरी बांधून काडीला टांगून घेतलंय.”

“ह्या सगळ्यांचा बाप एकच आहे?”

“व्हय, साहेब. मागच्या दारी उभा हाय.”

खिडकीतून तानामावशींचं तोंड आत आलं. “अळ्या हैत त्या, साहेब! अळ्या! काय बाई तरी!”

साहेब खुर्चीत बसले. नंतर ते हसले. आधी नाकातनं, मग पोटातनं, मग डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. मुलं हसायला लागली. गुरुजी हसले नाहीत. मी हसलो, मला वाटलं, संपलं.

साहेबांनी डबे मागवले. भैरूनं काडीनं एका अळीला डिवचून दाखवलं. लाल शिंगं बाहेर आली तसे साहेब खुर्चीसकट मागे सरकले आणि म्हणाले, “पुन्हा कर.” मग त्यांनी वही मांडीवर घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागले. “‘आज अडीच सेंटिमीटर. कात टाकली. कात खाल्ली.’ अक्षर काय सुंदर आहे! ‘आज काही खाल्लं नाही. इकडून तिकडे फिरतो आहे. जागा शोधतो असं वाटतं’, आणि ‘असं वाटतं’ खोडलंय. का गं?”

“वाटतं ते दिसत नाही, साहेब. दिसलं ते लिहायचं. नाही दिसलं ते नाही लिहायचं.”

“कुणी सांगितलं?”

“ताटे सरांनी.”

“शाबास, ताटे,” साहेब म्हणाले आणि पान उलटलं. “‘डबा क्रमांक नऊ. अंकुश नाही. पाला मी घातला.’” पान उलटलं. “‘अंकुश नाही. पाला मी घातला. पूजा नाही. पाला मी घातला.’” आणखी एक पान. आणखी एक. आता ते मोठ्यानं वाचत नव्हते. शेवटच्या पानावर आले, परत पहिल्यावर गेले, आणि बोट लावून मोजायला लागले.

गुरुजींच्या हातातलं खरं हजेरीपत्रक साहेबांनी न बघता ओढून घेतलं. उघडलं. दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीकडे पंचवीस वेळा हजर. एकीकडे पंचवीस वेळा नाही.

“बाळ,” ते मनालीला म्हणाले, “अंकुश शाळेत शेवटचा कधी आला होता?”

“बेंदराला, साहेब.”

“गुरुजी, आता बोला.”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा समोरासमोर. त्या बघण्यात विनंती वगैरे काही नव्हती. झालं ना समाधान, एवढंच होतं.

“मग तुम्हीच सांगा, ताटे,” साहेब म्हणाले. “पोरीनं लिहिलंय ते खरं का गुरुजींनी?”

वर्गात आठ मुलं होती. सात माझ्याकडे बघत होती. आठवा भैरू डब्याच्या झाकणाला नाक लावून आतल्या अळीला काहीतरी सांगत होता. बसलेला असल्यानं त्याची उंची कळत नव्हती, पण मला ती माहीत होती. साकवाच्या कठड्याच्या मधल्या बांबूखालून तो न वाकता जायचा.

“गुरुजींनी,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“अंकुश अळ्यांना भितो, साहेब. डब्याजवळ येत नाही. पूजा आणि ओंकार त्याचं बघून. डब्यापाशी नव्हती म्हणून हिनं नाही लिहिलं.”

“शाळेत बेंदरापासून आला नाही म्हणतीय ती.”

“ती काहीही म्हणते.” माझा आवाज अगदी नेहमीचा होता, विनोद करतानाचा. “मनालीला गोष्टी रचायची सवय आहे. साहेब, जी पोरगी अळीच्या बापाचं नाव कढीपत्ता लिहिते, तिचं तुम्ही काय धरता?”

मनालीनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असावं की मी विसरलो आहे. ती आठवण करून द्यायला तोंड उघडणार होती, हे मला स्पष्ट दिसलं.

“खाली बस,” मी म्हणालो.

ती बसली.

साहेबांनी दोन्ही वह्या मिटल्या. “तुमचं आणि गुरुजींचं पटत नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे.”

“होय.”

“गुरुजी बुडत असतील तर तुम्ही दगड बांधाल, असं मी ऐकलंय.”

“होय, साहेब.”

“मग तुम्ही त्यांच्यासाठी खोटं कशाला बोलाल?” त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच पटवून घेतलं. किंवा त्यांनाही डोंगर उतरून जेवायला जायचं होतं. त्यांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं, ‘शाळेस अचानक भेट दिली. पट अकरा. विद्यार्थ्यांच्या कल्पनाशक्तीस उत्तम वाव दिला जातो. तथापि काल्पनिक लेखन शासकीय छापील नमुन्यात करू नये.’

जाताना त्यांनी मनालीच्या डोक्यावर थोपटलं. “गोष्टी छान लिहितेस. मोठी होऊन लेखिका हो.”

साहेब वळणाआड गेल्यावर गुरुजी माझ्या वर्गात आले. वही नाही, मध्ये मूल नाही. स्वतः आले.

“चहा घेणार?” त्यांनी विचारलं.

“घेऊ.”

आम्ही ऑफिसात बसून चहा प्यायलो. गुरुजींनी मला स्वतःच्या कपात दिला आणि आपण तांब्याच्या झाकणात घेतला. “पहिली दोन वर्षं मीसुद्धा तुमच्यासारखाच होतो,” ते म्हणाले. मग समाधानानं, “आता तुम्ही शिक्षक झालात.” तीन महिन्यांत मला त्यांचा एकही शब्द इतका झोंबला नव्हता. मी कप ठेवला. त्यांनी आणखी ओतला.

त्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच डब्यांपाशी थांबलो. वहीत त्या दिवसाची पानं भरलेली होती. डबा नऊसमोर लिहिलं होतं, ‘पैलवानाचा कोश काळा पडला आहे. आतून पंख दिसतात.’ ‘अंकुश नाही’ हे मात्र लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि मुलं ओरडायला लागली. अंकुशच्या डब्यातला कोश फाटला होता आणि त्याला धरून एक ओलं, चुरगळलेलं काळं फुलपाखरू लटकलं होतं. पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. भैरू नाचत होता. मी जमिनीवर मांडी घालून बसलो आणि सगळ्यांना गोल बसवलं. मनाली बसली नाही. ती वही आणि पेन्सिल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“सर, काय लिहू?”

“म्हणजे?”

“आलं असं लिहू, का नाही आलं असं लिहू?”

ती टोमणा मारत नव्हती. तेवढा तिचा स्वभावच नव्हता. तिला काम नीट करायचं होतं, आणि कसं करायचं तेवढंच कळून घ्यायचं होतं. सगळी मुलं उत्तरासाठी माझ्याकडे बघत होती. फुलपाखराकडे एकट्या भैरूचं लक्ष होतं.

“गुरुजींना विचार,” मी म्हणालो.

ती गेली. सहा पावलं. ऑफिसातून गुरुजींचा आवाज आला, गोड, कधी नव्हे इतका गोड, “ताटे सर म्हणतील तसं लिही, बाळ.”

ती परत आली, पण आत आली नाही. दोन दारांच्या मध्ये व्हरांड्यात पेन्सिल हातात धरून उभी राहिली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. तासाभरानं पंख वाळले आणि फुलपाखरू तिच्या डोक्यावरनं कढीपत्त्याच्या दिशेनं निघून गेलं.

शेडगे दिवाळीनंतर परत आला, तीन पोरांसह. शाळा अजून चालू आहे. ती वही माझ्याकडे आहे. पंचवीस दिवसांची सगळी पानं भरली आहेत, सव्विसाव्याचीही. सत्ताविसाव्या दिवसाचा फक्त रकाना आखलेला आहे.